तिनं माघार का घ्यावी, बाबा?

कोलंबस, इंडियाना
रविवार, १८ मे २००८

ती. आई-बाबा,
सा. न.

सकाळी फोनवर मी आवाज चढवला आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. तुम्हाला वाटलं असेल, पोरीनं रागानं फोन ठेवला. तसं नाही. पुन्हा लावत राहिले, पण लागला नाही. म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवते.

बाबा, डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार हिलरी क्लिंटन की ओबामा, हे इथे राज्याराज्यांतल्या मतदानातून ठरतंय, त्यावरून तुम्ही म्हणालात, "हिलरीबाई हरलेल्या आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतंय. आता मानानं बाजूला व्हावं." इथेही दोन महिने हेच चाललं आहे. लेही नावाच्या सिनेटरनं २८ मार्चलाच तिला माघार घ्यायला सांगितलं. ६ मेच्या मतदानानंतर दुसऱ्याच दिवशी मॅकगव्हर्न तिला सोडून ओबामाच्या बाजूला गेले. १९७२ ला पक्षानं अध्यक्षपदासाठी उभा केलेला हा माणूस, आणि तिचा जुना स्नेही. आधी याच शर्यतीत असलेला एडवर्ड्सही परवा बुधवारी ओबामाकडे गेला.

आधी हे सांगते की मी मत हिलरीला दिलेलं नाही. ओबामाला दिलं आहे. माझा माणूस पुढं आहे, तिनं सोडलं तर माझ्याच फायद्याचं आहे. तरी तिनं शेवटच्या राज्यापर्यंत राहावं असं मला मनापासून वाटतं.

६ मेला आमच्या इंडियानाचं मतदान झालं. नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलंच मत. सकाळी सहाला दार उघडणार म्हणून मी पावणेसहालाच रांगेत उभी, आणि माझ्यापुढे चाळीसेक माणसं. कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे इथे पुण्याकडची बरीच घरं आहेत, पण त्या रांगेत आपल्याकडची मी एकटीच होते. टेबलावरच्या आजींनी ओळखपत्र बघितलं आणि विचारलं, कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ? बाबा, इथे पक्षाचं सभासद असावं लागत नाही. वर्गणी नाही, पावती नाही. तिथल्या तिथे सांगायचं आणि मत द्यायचं. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवण्यात माझ्यासारखीचाही हात! आपल्याकडे तिकीट कुणाला हे मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं आणि आपण पेपरात वाचतो.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई रांगेत माझ्या मागे होत्या. १९६८ ला बॉबी केनेडी अशाच उमेदवारीसाठी इंडियानात प्रचाराला आला होता तेव्हा त्या तरुण होत्या. त्यानंतर एवढ्या वर्षांत आमच्या राज्याची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा निकाल ठरलेलाच असायचा, फारसं कुणी फिरकायचं नाही. त्या दर वेळी जाऊन मत देऊन यायच्या. या वर्षी त्यांच्या दारावर तीनदा कुणीतरी आलं. दोघं उमेदवार महिनाभर राज्यात ये-जा करत होते, बिल क्लिंटन तर खेड्याखेड्यांतून फिरला. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी कुणीतरी मला विचारलं." लेहींचं ऐकून हिलरीनं मार्चमध्येच सोडलं असतं तर या बाईंना या वर्षीही कुणी विचारलं नसतं.

निकालाच्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत टीव्हीपुढे होतो. गॅरी शहराच्या लेक काउंटीची मोजणी अडकून बसली होती. शेवटी बारा लाखांहून जास्त मतांत हिलरी साधारण चौदा हजारांनी जिंकली. आता हिशेब बघा. त्यानं तुमचंच म्हणणं बळकट होतं, तरी सांगते. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकलं म्हणून सगळं मिळत नाही, मतांच्या प्रमाणात डेलिगेट वाटतात. डेलिगेट म्हणजे ऑगस्टच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. इंडियानाचे ७२. हिलरीला ३८, ओबामाला ३४. जिंकून कमाई चारची. त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनात तो ६७, ती ४८. तिथे एकोणीस गेले. मंगळवारी वेस्ट व्हर्जिनियात तिला ६७ टक्के मतं पडली, त्याला २६. एवढा धुव्वा उडवूनही हाती आले बारा जास्त. फेब्रुवारीत तो लागोपाठ अकरा ठिकाणी जिंकला, तेव्हा पडलेलं दीडशेच्या पुढचं अंतर असं भरून निघणार नाही. समोरच्या रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत जिंकणाऱ्याला सगळंच मिळतं, म्हणून त्यांच्या मॅकेनची उमेदवारी ४ मार्चलाच पक्की झाली.

पण अजून बहुमत कुणाचंच झालेलं नाही हेही तितकंच खरं. सुमारे २०२५ डेलिगेट लागतात. निव्वळ मतदानातून आलेल्यांवर ना त्याचं भागतं ना तिचं. आठशेच्या आसपास सुपरडेलिगेट आहेत, म्हणजे पक्षाचे खासदार, राज्यपाल, पदाधिकारी. त्यांना मतदारांचं बंधन नाही आणि मन कधीही बदलता येतं. मग पंच अजून उभे असताना एकानंच मैदान का सोडायचं? ओबामा स्वतः मार्चमध्ये म्हणाला की तिला हवं तितके दिवस ती राहू शकते. मला त्याचं हे फार आवडलं.

तुमची भीती मला कळते. घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की शेजारी हसतात. १९८० चं उदाहरण तुम्ही द्याल हे मला ठाऊक आहे. टेड केनेडी मागे असूनही स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाशी, कार्टरशी, अधिवेशनापर्यंत लढला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत कार्टर आपटला. पण त्या वर्षी इराणात ओलीस ठेवलेली माणसं होती, महागाई होती. कार्टर केनेडीमुळे पडला असं मी धरत नाही. उलट आमच्याकडे बघा. १९६४ नंतर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इंडियाना डेमोक्रॅटिक पक्षाला कधी मिळालेलं नाही. या लढतीपायी गावोगाव कचेऱ्या उघडल्या, नवीन मतदारांची नावं लागली. ही नावं नोव्हेंबरातही यादीत असतीलच ना.

तिच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं मात्र नाही. मिशिगन आणि फ्लोरिडानं पक्षाचे नियम मोडून मतदान जानेवारीत घेतलं, म्हणून त्यांचे डेलिगेट रद्द झाले. तेव्हा ती गप्प होती आणि आता ते मोजा म्हणते. मिशिगनात तर ओबामाचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं. ते कसं मोजायचं? आणि इंडियानानंतर ती कष्टकरी गोऱ्या अमेरिकनांचा पाठिंबा आपल्याला आहे असं बोलून गेली, ते मला फार लागलं. मी या देशात गोरी नाही, आणि कष्ट मीही करते. राहायचं तर राज्याराज्यात जाऊन मतं मागत राहावं. समोरच्याचा रंग दाखवून नाही. पदरचे एक कोटी चौदा लाख डॉलर तिनं प्रचाराला उसने दिले आहेत. ते तिचे आहेत, त्यावर मी काही म्हणत नाही.

आता जे फोनवर म्हणायचं होतं आणि राहून गेलं, ते.

मी नववीत होते. ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव जागा नव्यानंच आल्या होत्या आणि आईनं आपल्या वॉर्डातून अर्ज भरला. दुसरा अर्ज एकच होता. मग एका संध्याकाळी चार-पाच वडीलधारी माणसं पडवीत येऊन बसली. गावाची निवडणूक बिनविरोध करायची ठरलंय, म्हणाले. वहिनींना कुठं एवढी मतं पडायची आहेत, उगाच भाऊबंदकीत वैर कशाला. आई आत चहा गाळत होती. गाळणी कपावर तशीच धरून ती ऐकत उभी राहिली आणि चहा बशीत सांडला. बाबा, तुम्ही वाईट बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, "जिंकायची नाहीस तर कशाला मनाला लावून घेतेस." तुम्हाला तिची काळजीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं तहसील कचेरीत गेली आणि सही करून आली. चिन्हवाटप व्हायच्या आधीच सगळं संपलं. तिला कुठलं चिन्ह मिळालं असतं हेसुद्धा आपल्याला कधी कळलं नाही.

माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं पेन्सिलीनं वॉर्डातली घरं लिहिली होती. ज्या घरी जाऊन आली त्यापुढे बारीक टिंब. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की डोक्यावर पदर घेऊन ती निघायची, मी कंदील धरून मागे. पलीकडच्या आळीतल्या बायका तिला ओट्यावर बसवून घ्यायच्या आणि नळाच्या पाण्याचं सांगायच्या. त्यांनाही तोवर कुणी विचारलेलं नव्हतं. अर्ज मागे घेतल्यावर ती त्या आळीनं कित्येक दिवस गेली नाही. वळसा घालून रानात जायची.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहिलेलं नाही. ती हरली असती, बहुतेक हरलीच असती. पण त्या बायकांनी आपापलं मत दिलं असतं, आणि किती जणींनी दिलं हे पाटीवर खडूनं लिहिलं गेलं असतं.

परवा मंगळवारी केंटकी आणि ओरेगनची पाळी. केंटकी आमच्यापासून गाडीनं तासाभरावर. ओरेगनात सगळे टपालानंच मत देतात. ३ जूनला माँटाना आणि साउथ डकोटा झालं की राज्यं संपली. त्यानंतर तिनं एक दिवसही ताणू नये, ओबामाचा हात धरून उभं राहावं. ताणलं तर मी तुमच्या बाजूनं.

मंदार आणि मुलं मजेत आहेत. धाकटीनं माझा 'मी मत दिलं' असं लिहिलेला स्टिकर फ्रीजवर चिकटवलाय, दुसरा मिळाला तर आईला पाठवते. बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

बुधवारी सकाळी साडेसातला, तुमच्या चहाच्या वेळेला फोन करते. आईला फोनजवळ बसवा. त्या यादीत टिंब किती होते, हे तिला विचारायचं आहे.

तुमची,
सुमा