नकाशा आमच्याकडे फिरवलात, भाऊसाहेब

आदरणीय भाऊसाहेब,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. सरकारी नोकरीत कौतुकही अंगाशी येतं म्हणतात. पण धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ, माझे वडील, परवा ज्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये नकाशावर वाकून बसले होते, ते भाऊसाहेब हे वाचून ओळखतीलच.

आमची वाडी जावळी खोऱ्यात, कोयनेच्या अंगाला. दहा-बारा उंबरे, भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी-वरी. आज तिथे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. धरणाच्या पोफळीच्या वीजघरात १९६२ साली वीज तयार व्हायला लागली, त्याच सुमारास आमची माणसं सोलापूरकडच्या माळावर नेऊन उतरवली. पावसाळाभर इरलं न उतरवणारी माणसं ज्वारीच्या रानात! पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्याने केला १९७६ साली. देशात पहिला म्हणून आपण तो मिरवतो, मिरवावा. फक्त आमचे उंबरे तोवर बुडून गेले होते, त्यामुळे आमच्या वाट्याला आले ते हेलपाटे.

तुमच्याआधी ज्या कचेरीत गेलो, तिथल्या एका साहेबांनी विचारलं, "पाण्याखालच्या वाडीचा उतारा घेऊन काय करणार, माशांना वाचून दाखवणार?" शेजारच्या टेबलांवरचेही हसले. वडील काही बोलले नाहीत. बाहेर येऊन टोपी काढली, झटकली, परत घातली.

तुमच्याकडे कागद मिळाला, काम झालं. त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र त्यासाठी नाही.

तुम्ही कापडावर चिकटवलेला तो जुना गावनकाशा टेबलावर पसरलात, कोपऱ्यांवर स्टॅम्पपॅड, पंचिंग मशीन असं काहीबाही ठेवलंत. नकाशा तुमच्या बाजूने सुलटा होता. बोट ठेवून "ही तुमची वाडी" म्हणाला असतात तरी आम्ही हात जोडून निघालो असतो. तुम्ही मात्र ठेवलेलं सगळं उचललंत, अख्खा नकाशा वडिलांकडे फिरवलात, खुर्ची पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "बाबा, घर कुठं ते तुम्हीच दाखवा."

वडिलांना अक्षरओळख जेमतेम. त्यांनी नावं शोधलीच नाहीत. आधी नदी धरली, मग नदीला मिळणारा ओढा, आणि नखाने तो ओढा चढत चढत एका वळणावर थांबले. "हितं आमचा राब भाजायचा." तुम्ही विचारलंत, कशाचा राब? मग काय! ऐन-किंजळाच्या फांद्या कधी तोडायच्या, वाळवून कशा पसरायच्या, वारा बघून आग कुठल्या बाजूने लावायची, पावसाच्या तोंडाला त्या भाजल्या जागेत बी कसं फेकायचं, सगळं सांगितलं त्यांनी. आम्हा पोरांनाही कधी एवढं सांगितलं नव्हतं. (आम्ही विचारलंही नव्हतं, सोलापूरकडे राब कोण भाजतो?) तुम्ही जुनं रजिस्टर उघडून आजोबांच्या नावापुढचं पीक वाचलंत, "नाचणी, वरी", आणि मान हलवून म्हणालात, "बरोबर आहे बाबा."

या माणसाने जन्मभर सरकारला पुरावे दिलेत. जमीन होती याचा, घर होतं याचा, आपण त्याच बापाचा मुलगा याचासुद्धा. 'बरोबर आहे' असं समोरून कुणी म्हणालेलं मी तरी त्या दिवशीच ऐकलं.

तुमच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, दाराशी माणसं ताटकळत होती, जेवणाचा डबा तसाच होता. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. असं एखादं माणूस बहुतेक कचेऱ्यांत असतं म्हणा. त्याची बदली झाली की गावाला कळतं.

वडील आता घरी येईल त्याला नकाशाची झेरॉक्स दाखवतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करणारे आमचे भाऊबंद तिकडे जातात, त्यांच्याबरोबर जायचं म्हणून हटून बसलेत. तुम्हीही शिवसागराकाठच्या तापोळ्यापर्यंत यावं असा निरोप आहे. आणि एक तक्रारही आहे. नकाशात विहीर ओढ्याच्या डाव्या अंगाला दाखवली आहे, ती उजव्या अंगाला होती. दुरुस्तीचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेवढं कळवा. ते खरंच विचारतायत.

आपली नम्र,
एका कोयना धरणग्रस्ताची लेक