घड्याळ काढून ठेवणाऱ्या मावशींना

मावशी,

‘त्यात काय एवढं’ हे तुमचं पालुपद मला आता पाठ झालंय. समोर येऊन आभार मानायला लागले तर तुम्ही विषय बदलाल. चिठ्ठी पाठवली तर दोन ओळी वाचून उशीखाली सारून द्याल. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही नाही वाचलंत तरी कुणीतरी वाचून तुमच्या कानावर घालेलच.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा तो रोल धुऊन आला. चौदांपैकी आठ फोटो बचावले.

त्यातला तिसरा आत्ता माझ्यासमोर आहे आणि गेला तासभर मी दुसरं काही केलेलं नाही. बाबा खिडकीशी उभे आहेत. उजव्या हाताने गज धरलाय, डावा अजून वॉकरवर आहे, सोडावा की नाही अशा विचारात. मांडीचं हाड मोडल्यानंतर अकरा आठवड्यांनी ते पहिल्यांदा पलंगापासून खिडकीपर्यंत आपल्या पायांनी गेले, तो हा क्षण. फोटोच्या वरच्या कडेकडून एक नारिंगी ओघळ खाली आलाय आणि बाबांच्या कपाळाच्या बोटभर वर येऊन थांबलाय. तो ओघळ कशाचा हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. ज्याच्यामुळे आला त्याला अजून पत्ताही नसेल.

बाबांना फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “सदरा उलटा घातला होता मी. कुणी सांगितलं का नाही?”

लोक विचारतात, फोन होता ना हातात? होता. पण फोन समोर धरला की बाबा चेहरा करतात, आणि काढून झाला की लगेच ‘बघू’ म्हणून हात पुढे. माझ्या त्या ऑलिम्पस ट्रिप ३५ ला ते फोटो काढणारं यंत्र मानतच नाहीत. १९६७ साली निघालेला हा कॅमेरा, मुठीत मावेल एवढा. अंतराच्या कडीवर चार चित्रं आहेत : एक डोकं, दोन माणसं, तीन माणसं आणि डोंगर. बाबा खिडकीशी निघाले तेव्हा मी तीन माणसांवर आणून ठेवला आणि दाबत गेले. उजेड किती, भिंगाचं छिद्र किती उघडायचं, शटर सेकंदाचा १/४० भाग उघडं ठेवायचं की १/२००, हे सगळं तो आपलं आपण बघतो. मला फक्त बाबांकडे बघायचं होतं.

चौदा फोटो झाले. पंधराव्याला कॅमेऱ्याने नकार दिला. खिडकी तीच, वेळ तीच, पण डोळा लावून बघायच्या दर्शिकेत खालून लाल झेंडी वर आली आणि बटण खाली जाईना. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग मी कॅमेरा ज्यांना ज्यांना दाखवला, आता त्या तिघांबद्दल. नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही. असे तिघे सगळीकडे भेटतात.

पहिल्याने कॅमेरा उलटा केला, तळावर बॅटरीचं झाकण शोधलं, ते सापडलं नाही, तरी निदान तेच केलं : “बॅटरी गेली.” मी म्हटलं, याला बॅटरीच नसते. भिंगाभोवती मधमाशांच्या पोळ्यासारखं जे कडं दिसतं ना, त्याच्यामागे सेलेनियमचा सेल आहे. उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो आणि तेवढ्यावर आतला काटा हलतो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मग आतल्या आत वितळली असेल.” जी वस्तू नाहीच, ती वितळते कशी हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्याने काही न विचारता मागचं दार उघडलं. दिव्याखाली. मी ओरडले तेव्हा म्हणाला, “अरे, रोल होता होय!” आणि लावून टाकलं, जसं काही चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडावं आणि सॉरी म्हणून ओढून घ्यावं. मोजणीचा आकडा तेवढ्यात मुकाट्याने सुरुवातीला गेला होता. मग झालेली चूक निस्तरायच्या घाईत त्याने रोल मागे गुंडाळायला घेतला, तोही तळाचं बारीक बटण न दाबता. कर्रर्र असा आवाज आला. फिल्मची भोकं फाटण्याचा आवाज असा असतो हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत, अगदी आपलंच काही फाटल्यासारखे.

तिसरा ज्ञानी होता. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “ऑटोमॅटिक ना? ही खेळणी. फोटोग्राफी शिकायची असेल तर सगळं हाताने लावायचा घ्या.” मला फोटोग्राफी शिकायची नव्हती हो. मला माझे बाबा परत हवे होते, खिडकीशी उभे असलेले. त्याने ट्यूबलाइटखाली एकदा बटण दाबून पाहिलं, झेंडी वर आली, “शटर गेलं” म्हणून मोकळा झाला.

मग तुम्ही.

तुमच्याकडे येताना मी आशा सोडलेलीच होती. मैत्रीण म्हणाली होती, माझ्या मावशीने उभा जन्म डार्करूममध्ये काढलाय, एकदा दाखव तरी. मी कॅमेरा पुढे केला आणि सगळी कर्मकहाणी सांगायला लागले. तुम्ही मधेच थांबवून एकच विचारलंत, “किती काढले होतेस?” चौदा म्हटल्यावर बोटांवर काहीतरी मोजलंत. म्हणालात, “पहिले आतल्या वेढ्यात असतील. दार उघडलं तेव्हा वरचे वेढे जळले असतील, आतले कदाचित नसतील.” तीन ठिकाणी फिरून आले होते, कुणी ‘कदाचित’ हा शब्द वापरला नव्हता. सगळे ठाम होते.

पुढचं फारसं सांगत बसत नाही. खिडकीवर जाड चादर लागली, दाराखालच्या फटीत टॉवेल गेला, माझा फोन खोलीबाहेर गेला. मी शहाणपणा दाखवत विचारलं, लाल दिवा चालतो ना? तर तुम्ही हसलात. “तो काळ्यापांढऱ्या कागदाला. रंगीत फिल्मला कुठलाच उजेड चालत नाही.” मग दिवा मालवला. थोडा वेळ आपण दोघी अंधारात नुसत्या उभ्या होतो, कुठून काही झिरपतंय का बघत. मला तर काहीच दिसत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, “थांब हं, माझंच घड्याळ.”

तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवट चमकतात. किती? काजव्याच्या दहाव्या हिश्शाएवढे असतील. तुम्ही पट्टा सोडलात, चाचपडत कपाटापर्यंत गेलात, खण उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा.

मावशी, हे पत्र त्या खणाच्या आवाजासाठी आहे.

रोल अर्धा जळलेला होता. भर दिव्याखाली उघडा पडलेला होता, फाटलेला होता. त्या काट्यांच्या उजेडाने त्याचं आणखी काय बिघडणार होतं? तुम्ही घड्याळ हातावर ठेवलं असतंत तरी कुणाला कळलं नसतं. मला तर नाहीच. पण तुमच्या लेखी तो जळका रोल नव्हता, आठ शाबूत फोटोंचा रोल होता, आणि ते आठ आहेत की नाहीत हे माहीत नसताना तुम्ही ते आहेत असं धरून चालला होतात. मी अंधारात उभी राहून रडले. तुम्हाला दिसलं नाही. अंधाराचा तेवढा फायदा मी घेतला.

आजारी माणसाला उचलताना आधी स्वतःचे हात चोळून गरम करणारी नर्स मी बाबांच्या वेळी पाहिली. दुसऱ्याची वही परत देताना मुडपलेला कोपरा सरळ करून देणारी माणसंही पाहिली आहेत. अशांना कुणी पुरस्कार देत नाही आणि त्यांनी ते नाही केलं तर कुणी जाबही विचारत नाही. आपण त्यांना ‘चांगली माणसं’ म्हणतो आणि विसरून जातो, ‘त्यात काय एवढं’ म्हणत. तुमचंच वाक्य!

हातांचं काम चालू असताना तुम्ही गोष्ट सांगितलीत. मी त्या तिसऱ्या ज्ञानी माणसाचं खेळणं-प्रकरण सांगितलं म्हणून. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन फ्रेंडशिप ७ यानातून पृथ्वीभोवती फिरला, तेव्हा त्याने बरोबर नेलेला कॅमेरा असाच एक लहान, आपोआप उजेड मोजणारा होता. अन्स्को ऑटोसेट, मिनोल्टाने बनवलेला. साध्या दुकानातून ग्लेनने स्वतः विकत घेतला होता. अंगात अंतराळवीराचा जाडजूड पोशाख, हातात मोजे, बाहेर पृथ्वी. अशा वेळी छिद्र नि शटर जुळवत कोण बसणार? “त्याला कुणी नाही म्हटलं खेळणं,” तुम्ही अंधारातून म्हणालात, आणि फिल्म डबीत गेल्याचा टक् असा आवाज आला.

दिवा लावल्यावर मला वाटलं, झालं. मी निघायला लागले तर तुम्ही म्हणालात, “आणि हा?” कॅमेरा टेबलावरच राहिला होता. मी म्हटलं, त्याचं शटर गेलंय.

तुम्ही चादर ओढून काढलीत, खिडकीशी गेलात, कॅमेरा बाहेर रोखलात आणि दाबलंत. टिक्.

एवढंच. इतक्या दिवसांनी टिक्. मग मला हाक मारलीत आणि भिंगाभोवतीची दुसरी कडी दाखवलीत, आत किती वेगाची फिल्म आहे ते कॅमेऱ्याला सांगणारी. रोल ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही भागवणारा होता आणि कडी २५ वर गेली होती. पिशवीत घासून सरकली असेल, माझाच हात लागला असेल. ४०० ते २५ म्हणजे चार पायऱ्या, सोळापट फरक. बिचाऱ्याला वाटत होतं आत फार मंद फिल्म आहे, घरातला उजेड तिला पुरायचा नाही. म्हणून तो प्रामाणिकपणे नाही म्हणत होता. आणि त्या तिघांनी त्याला कुठे तपासलं? छताखाली, दिव्याखाली. एकानेही चार पावलं चालून दारापर्यंत नेला नाही.

मग तुम्ही तळहात भिंगावर झाकलात आणि मला दाबायला लावलंत. लाल झेंडी वर आली. “बघ, नाही म्हणतोय. म्हणजे ठीक आहे. आतला काटा वर अडकला असता तर अंधारातही हो म्हणाला असता.”

यावर मी फार विचार केलाय. या कॅमेऱ्याला जिथे जमणार नाही तिथे तो झेंडी वर करतो, बटण अडवतो आणि तुमची एक फ्रेम वाचवतो. जाणकार म्हणवणाऱ्या तिघांपैकी एकाच्या डोक्यात जरी अशी झेंडी असती, ‘मला माहीत नाही हो, दुसऱ्याला दाखवा’ एवढं जरी तो म्हणाला असता, तर माझे उरलेले सहा फोटोही वाचले असते. त्या सहांत बाबांनी वॉकरवरचा हात सोडला होता. म्हणजे मला तसं आठवतंय. आता आठवणीवरच विश्वास ठेवायचा.

तुम्ही सांगितलेलं लक्षात ठेवलंय. वाचलेल्या आठांत बाबांचा चेहरा जरा काळवंडलाय, कारण पाठीमागे खिडकी आणि सेलला तिचाच उजेड जास्त दिसला. माणूस उजेडाला पाठ करून उभा असेल तर ४०० ची कडी १०० वर आणायची, चौपट उजेड मिळतो. आणि फोटो झाला की परत ४०० वर. “परत” हा शब्द तुम्ही दोनदा म्हणालात. मी कडीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावलाय, आता ती माझ्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही.

बाबा आता काठीवर आले आहेत. काल स्वतःहून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काढ. आज सदरा सुलटा आहे.” पहिल्यांदाच त्यांनी त्या डबीला कॅमेरा मानलं.

एक राहिलंच. निघताना मी तुमचा फोटो काढायला गेले होते, आठवतं? तुम्ही कपाटापाशी उभ्या होतात, खणातून घड्याळ काढून पट्टा लावत होतात. कडी ४०० वर होती, सगळं बरोबर होतं, तरी झेंडी वर आली. त्या कोपऱ्यात खरंच उजेड कमी होता. तुम्ही हसून म्हणालात, “बघ, त्यालाही कळतं.” तो फोटो नाही माझ्याकडे.

शनिवारी सकाळी येते आहे, नवा रोल भरून. खिडकीशी बसायचं, चादर काढून. घड्याळ हातात राहू दे.

तुमची,
चौदा फोटोंवाली