सूचना : शनिवारी ‘द बर्ड्‌स’

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्या सभागृहात आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द बर्ड्‌स’ (१९६३) दाखवणार आहोत. लांबी ११९ मिनिटं, मध्यंतर नाही. ६ नंतर दार बंद.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ऑस्कर साला आणि रेमी गासमन यांनी ट्राउटोनियम या विद्युत वाद्यावर तयार केले. शाळेबाहेरच्या प्रसंगात आतून मुलांचं गाणं येत राहतं आणि नायिका मेलनीच्या पाठीमागे लोखंडी खेळण्यावर एकेक कावळा येऊन बसतो. भीती सगळी त्या गाण्याच्या संथपणात आहे. त्यामुळे:

• फोन पूर्ण बंद. थरथरही मागच्या रांगेपर्यंत ऐकू येते. खाऊच्या पिशव्या बाहेरच ठेवा.
• प्रोजेक्टर सांभाळणाऱ्यांनी आवाज पक्ष्यांच्या हल्ल्याच्या प्रसंगावर बेतून ठरवावा. शांत प्रसंगात वाढवलात तर पुढे पंखांचा गलका फाटतो. चित्राची रुंदी-उंची १.८५:१ याच प्रमाणात ठेवा, ताणू नका.
• १२ वर्षांखालील मुलांना आणू नये. शेतकऱ्याच्या घरात आधी आकड्यांना लटकलेले फुटके कप दिसतात, मग डोळे फोडलेला मृतदेह.
• शेवटी ‘समाप्त’ची पाटी येत नाही. पडदा पूर्ण काळा होईपर्यंत दिवे लावू नयेत, कुणी उठूही नये.

नंतर अर्धा तास चर्चा. डॅफ्नी द्यू मॉरिएची मूळ कथा जमल्यास वाचून या. ती इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये घडते, चित्रपट कॅलिफोर्नियातल्या बोडेगा बेमध्ये.

– कार्यकारिणी