समुद्रावरची हवा आणि ढगांचे बी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ढगांवरचा लेख आवडला. मात्र ‘भर समुद्रात धूळ-धूर नाही, तेव्हा ढगाला धरायला तिथे फक्त मीठ’ हे वाक्य खटकले. (ढगाचा थेंब बनायला वाफेला धरून बसण्यासाठी एखादा सूक्ष्म कण लागतो, तेच ढगाचे बी.) लाटा फुटून मिठाचे कण उडतात हे खरेच. पण स्वच्छ हवेत निव्वळ वायूंपासूनही नवे कण तयार होतात, आणि त्यांचा लेखात उल्लेखच नाही.

समुद्रातल्या वनस्पतीप्लवकांमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) डायमिथाइल सल्फाइड हा वायू पाण्यातून हवेत येतो. मक्याची कणसे उकडून झाकण काढले की जो वास येतो, त्यात हाच असतो. (समुद्राच्या वासाचे श्रेय आपण मिठाला देतो, मिठाला कसला आलाय वास!) उन्हात, टप्प्याटप्प्याने, त्यातून सल्फ्युरिक आम्लाची वाफ बनते. तिचे रेणू एकमेकांना धरून एक-दीड नॅनोमीटरची गुठळी होते (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). अमोनिया असेल तर सहज. ढगाचा थेंब धरायचा तर ती साधारण ५० ते १०० नॅनोमीटरपर्यंत वाढायला हवी. बहुतेक गुठळ्या त्याआधीच मोठ्या कणांना चिकटून संपतात. त्यांना गिळणारे आणि ती वाफही शोषून घेणारे म्हणजे लेखातले तेच मिठाचे कण! म्हणून पाण्यालगत नवे कण क्वचित जन्मतात. ढगांभोवतीच्या, पावसाने धुतलेल्या वरच्या थंड हवेत त्यांचे जमते. मग ते खाली उतरतात.

किनाऱ्याची तऱ्हा वेगळी. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला मेस हेड येथे ओहोटीला समुद्री शेवाळ उघडे पडते, त्यातून आयोडीन सुटते आणि उन्हात बघता बघता कणांची संख्या भडकते. भरती आली की खेळ आटोपला.

आणखी एक. प्लवक ढग वाढवून तापमान सांभाळतात, हे लेखात सिद्ध झाल्यासारखे छापले आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांच्यासह चौघांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडलेली ती कल्पना आहे. देखणी आहे, पण २०११ मध्ये ‘नेचर’मध्येच तिच्याविरुद्ध सविस्तर लेख आला. ती बाजू दोन ओळींत तरी यायला हवी होती.

आपल्या उपखंडाचा हिवाळी धूर अरबी समुद्रावर दूरवर जातो, हे १९९९ च्या ‘इंडोएक्स’ या हिंदी महासागरावरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या मोहिमेत दिसले. त्या धुराने ढग किती बदलले हे सांगायचे, तर मुळात स्वच्छ हवेत कण किती होते हे माहीत हवे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या केप ग्रिमला १९७६ पासून स्वच्छ हवेच्या नोंदी ठेवतात. पुढचा लेख त्यावर द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, वेंगुर्ले