घाटघर गाडीच्या कंडक्टर काकांना

कंडक्टर काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घाटघरहून जुन्नरला येणाऱ्या गाडीत चिखलाने बरबटलेले बूट घालून आणि हातात फूल घेऊन बसलेली एक बाई आठवते का? तुम्ही तिकीट फाडायच्या आधी तिच्यावर ओरडला होतात. "मॅडम, ते तोंडाजवळ नका नेऊ. उतरल्यावर हात धुवा आधी."

नाणेघाटाच्या वाटेवर करवंदीच्या जाळीवर तो वेल चढला होता. फूल खाली मान घातलेलं, पण सहाही पाकळ्या उलट्या वर वळलेल्या. कडा चुण्यांच्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. पेटलेली चूलच जणू. कुणाच्या तरी बागेतून निसटलेलं परदेशी काहीतरी असणार, असं मी ठरवूनही टाकलं होतं. पानाचं वेटोळलेलं टोक ओढणीच्या धाग्यात अडकलं होतं, ते सोडवताना तुम्ही म्हणालात, "कळलावी आहे ती. खड्यानाग पण म्हणतात. पानाच्या शेंड्यानंच चढते."

घरी येऊन शोधलं तर शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तामिळनाडूचं राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल! कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. गाऊटच्या, म्हणजे सांधे सुजून ठणकण्याच्या आजाराच्या, गोळीत हेच वापरतात, पण प्रमाण चुकलं तर जीव जातो. तुमचं ओरडणं किती रास्त होतं ते तेव्हा कळलं.

कंद उकरून आणावा असं मनात होतं, खरं सांगते. "कांदा काढला की वेल संपला. दिवाळीनंतर या, बी मिळेल," हे तुमचंच वाक्य. आले, तर गाडीवर तुम्हीच. खिशातून मशीनच्या तिकिटाच्या कागदाची पुडी काढलीत. आत अकरा बिया, डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालभडक. पैसे देऊ केले तर "बी विकतात का कुठं" म्हणून पुढच्या सीटकडे निघूनही गेलात. पुडी अजून आहे माझ्याकडे. छपाई मात्र पार उडाली, नाहीतर त्यावरून तरी तुम्हाला शोधलं असतं.

आमच्या सासूबाईंनी नावावरूनच विरोध केला. कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात म्हणे. मी सांगितलं, ही कळ ती नव्हे, बाळंतपणाच्या कळांवरून नाव पडलंय. त्यावर जो वाद झाला, त्याने त्यांचंच म्हणणं खरं ठरलं.

मे २०२३ मध्ये बियांवरचं लाल साल चोळून काढलं, रात्रभर भिजवल्या आणि वाळू मिसळलेल्या मातीत बोटाच्या पेराएवढ्या खोल पेरल्या. जून कोरडा गेला. जुलैत गवताच्या पात्यासारखे चार कोंब दिसले. अकरातले चारच. दिवाळीपर्यंत तेही पिवळे पडून झोपले. कुंडी रिकामी करायला घेतली आणि तुमचं बोलणं आठवलं, "मेलं म्हणून टाकू नका, झोपतं ते." माती हलकेच उकरली. आत नांगराच्या फाळासारखा दोन बाजूंना फाकलेला, करंगळीच्या नखाएवढा पांढरा कंद. परत झाकला आणि पावसापर्यंत पाणी बंद केलं. दुसऱ्या पावसात वेल हातभर वाढला, फूल नाही. यंदा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात आमच्या गच्चीच्या गजावर पहिली कळी उमलली. आधी पिवळीच होती. आठवडाभरात अंगभर लाल झाली. मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुंडी ठेवली आहे, काळजी नसावी.

पहिली दोन फुलं बोंड न धरताच वाळली. नीट बघितलं तर स्त्रीकेसर काटकोनात वळून पुंकेसरांपासून लांब गेलेला. तामिळनाडूत हिची शेती करतात, तिथे माणसं हाताने परागण करतात. मग मीही लेकीचा रंगकामाचा ब्रश घेतला. तिसऱ्या फुलाला बोंड धरलंय.

अजून हिरवं आहे. तडकलं की दिवाळीनंतर त्याच गाडीने येते. तुमची पुडी परत करायची आहे, भरून. आम्हा बायकांना आता एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढं मात्र घ्या.

तुमची,
ओढणी अडकलेली प्रवासी