एका माशाची मर्यादा

कोल्हापूर,
१२ जुलै

प्रिय विनायकास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पर्यटकाला गळ टाकायला समुद्रात न्यायचे आणि लागलेला मासा परत सोडायला सांगायचे, असा नियम उद्या मालवणात आला तर आपण पहिले आडवे पडू, असे तू ठणकावून लिहिले आहेस. गेल्या वर्षी लेकीकडे अलास्कात गेलो असताना जुनोच्या धक्क्यावर हेच भांडण जवळून पाहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

आग्नेय अलास्कात भाड्याच्या बोटीतून हॅलिबट नावाचा मोठा मासा धरायला जाणाऱ्याला पूर्वी दिवसाला दोन मासे ठेवता येत. २००८ साली ते एकावर आणताच बोटवाले न्यायालयात गेले आणि त्यांनी स्थगिती मिळवली. २००९ मध्ये मात्र नियम लागू झालाच. २०११ पासून त्या एका माशाला मापही आले. २०१२ साली ४५ इंचांपर्यंतचा किंवा ६८ इंच आणि त्यापुढचा मासा ठेवायचा आणि मधला सोडायचा, असे ठरले. पुढे आकडे बदलत गेले, तऱ्हा तीच राहिली.

आमच्या बोटीवर एका गृहस्थाने बराच वेळ झटून एक मासा वर आणला. दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला तो चपटा जीव खलाशाने बोटीलगत पाण्यातच धरला, जबड्यापासून शेपटीपर्यंत माप लावले, नकारार्थी मान हलवली आणि गळ सोडवून त्याला जाऊ दिले. पंचगंगेच्या घाटावर तुझी वाम निसटली तेव्हा तुझा चेहरा झाला होता, अगदी तसाच त्या गृहस्थाचा झाला.

तांडेलाचा राग मात्र वेगळाच होता. स्वतःच्या होडीतून आलेला शेजारी कोणत्याही मापाचे दोन मासे नेतो, व्यापारी मच्छीमारांना १९९५ पासून पकडीचे वाटे बांधून मिळालेले आहेत, आणि बेरिंग समुद्रातले ट्रॉलर दुसऱ्याच माशांसाठी ओढलेल्या जाळ्यात आलेला हॅलिबट कायद्यानेच परत समुद्रात टाकतात, त्यातला कितीतरी मेलेला असतो. २०१४ पासून तर गिऱ्हाइकाला जादा मासा द्यायचा असेल, तर बोटवाल्याला तो व्यापारी मच्छीमाराच्या वाट्यातून भाड्याने घ्यावा लागतो. मासा भाड्याने, विनायका!

हे गाऱ्हाणे मला खरे वाटते. त्यावरून मर्यादाच नको, हे मात्र पटत नाही. हॅलिबटची मादी अंड्यावर यायला साधारण बारा वर्षे लागतात, तेव्हा गिऱ्हाइकाच्या हौसेच्या वेगाने समुद्र भरून निघणार नाही. आणि तू तरी कोणत्या तोंडाने मर्यादेला विरोध करणार? पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, बंधने घाला म्हणून मोर्चे काढणारे तुम्हीच, आणि २०१६ साली शासनाने ती घातली तेव्हा समाधान मानणारेही तुम्हीच. भांडायचेच असेल, तर ट्रॉलर, पर्ससीन आणि तुझी पर्यटकांची होडी यांचा हिशेब एकाच वहीत मांडा, यासाठी भांड. त्या भांडणात मी तुझ्या बाजूने उभा राहीन.

३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली आणि समुद्र निवळला, की गणपतीनंतर येतो. मोजपट्टी मी आणीन. सोडायचा कोणता, ते तू सांग.

तुझा,
दत्ता