बाबांसाठी बदक आणि आपल्या परसातली जांभळं

प्रिय आई आणि बाबा,

जांभळांचं पार्सल नीट पोचलं. वरची थोडी फुटली होती पण तळाची मस्त होती, छोटीने तर पिशवी उघडल्या उघडल्या तोंड जांभळं करून घेतलं.

आई, मागच्या आठवड्यात फोनवर तू बोललीस ना, की हल्ली मटणाच्या दिवशी बाबा नुसता रस्सा-भात जेवतात आणि फोडी तुझ्या ताटात सरकवतात, ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये. खिमा होईल, पण बाबांना फोडच लागते हे मला माहीत आहे, म्हणून मी क्रॉफर्ड मार्केटातून बदकाच्या ब्रेस्टचे दोन फ्रोजन तुकडे आणले. आता तू म्हणशील बदक कित्याक? तर ऐक. ते कोंबडीसारखं पांढरं नसतं, चांगलं लाल असतं, छातीचे स्नायू उडायला सतत वापरायचे असतात म्हणून त्यात मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन) जास्त, आणि चवीला मटणाच्या बरंच जवळ जातं. कोंबडीएवढं मऊ नाही होत, पण रेषा कुठे जातात ते बघून त्यांना आडवं आणि एकदम पातळ कापलं की बाबांना चावता येईल, मी स्वतः पुढच्या दातांनी खाऊन बघितलं.

पहिला तुकडा वाया गेला. मी सवयीने तवा कडक तापवून त्यावर टाकला, कातडी करपली आणि चरबी आत तशीच राहिली. खरं तर तवा थंडच पाहिजे. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री फ्रीजमधे खाली काढून ठेवला, सकाळी पुसून कोरडा केला, कातडीवर शंकरपाळ्यांसारखे चिरे दिले (मांसाला सुरी लागू द्यायची नाही), मीठ चोळलं आणि बिडाच्या थंड तव्यात कातडी खाली करून ठेवला, मग गॅस बारीक. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. आई, तू लोणी कढवताना जशी घाई करत नाहीस ना, तसंच आहे हे, चरबी हळूहळू सुटते आणि कातडी कुरकुरीत होते, वाटीभर चरबी निघाली, त्यात बटाट्याच्या काचऱ्या परतल्या त्या ह्यांनी एकट्याने संपवल्या. मग उलटून पाच-सहा मिनिटं. हॉटेलात आतून गुलाबी ठेवतात, पण तुमच्या वयाला मला ती रिस्क नकोय, म्हणून मी मांसात खुपसायचा थर्मामीटर घेतला आणि आत ७४ डिग्री झाल्यावरच उतरवलं. उतरवल्यावर आठ-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, लगेच कापलं तर सगळा रस ताटात जातो.

आणि सॉस तुमच्या जांभळांचा! फ्रान्समधे बदकाबरोबर संत्र्याचा सॉस करतात, कारण मांस चरबीचं आणि वर आंबट पाहिजे, आपण बांगड्याला आमसूल लावतो त्यातलाच प्रकार. अर्धा किलो जांभळं पेलाभर पाण्यात शिजवली, कुस्करून गाळली, मिरी, दालचिनीचा तुकडा आणि चमचाभर व्हिनेगर घालून पळीला धरेल इतकं आटवलं. नुसतं जांभूळ घशाला तुरट लागतं, म्हणून शेवटी लोण्याचा गोळा घातला आणि गूळ फक्त सुपारीएवढा, बाबांची शुगर लक्षात ठेवून. रंग असा आला की छोटी म्हणाली ही शाई आहे का. बिया टाकल्या नाहीत हां बाबा, धुऊन खिडकीत वाळत घातल्यात, तुम्हाला पावडरीला लागतात ना.

आता माझं एवढंच ऐका, जांभळं संपायच्या आत तुतारी एक्स्प्रेसने या. आई, दर वेळी तू सकाळी दादरला उतरून घरी पोचतेस आणि चहा व्हायच्या आत पदर खोचून माझ्या ओट्याशी उभी राहतेस, मला आवडतं ते, पण ह्या वेळी तू बाबांच्या शेजारी पाटावर, सॉरी खुर्चीवर, बसायचं आणि मी गरम वाढणार. कातडीचा कुरकुरीत भाग तुला, बाबांच्या ताटात कातडी काढून पातळ काप. भाकरीबरोबर छान लागतं.

थोडा सॉस डब्यात भरून फ्रीझरला टाकलाय. तारीख ठरली की फोन करा, म्हणजे आदल्या रात्री बदक खाली काढून ठेवते.

तुमची,
बाय